बल्कहेड की फ्रेम? ठाण्याच्या पावसात जहाजाचा सांगाडा

माझ्याकडे घरी बांधलेली दोन लाकडी जहाजं आहेत. दोन्ही दोन डोलकाठ्यांची, दोन्ही १:४८ प्रमाणात, लांबी साधारण ५५ सेंटिमीटर. पहिलं बल्कहेडवर, म्हणजे मधल्या उभ्या पाटीत बसवलेल्या आडव्या पडद्यांवर उभारलं, दुसरं फ्रेमवर, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या बरगड्यांवर. दुसरं दिवाणखान्यात आहे. पहिलं कपाटावर, कुणाला समोरून दिसणार नाही अशा बेताने ठेवलंय. यातून माझा कल कळला असेल, तरी बल्कहेडवर अन्याय नको म्हणून सविस्तर सांगतो.

बल्कहेडचं खरं सुख म्हणजे वेग. मधली उभी पाटी आणि अकरा आडवे पडदे प्लायमधून कापले, खाचेत खाच बसवली की दोन रविवारांत टेबलावर जहाज दिसायला लागतं. नोकरी सांभाळून छंद करणाऱ्याला हे दिसणं फार लागतं, नाहीतर अर्धवट तुकड्यांचा डबा पलंगाखाली जातो तो कायमचा. हाताने कापायचा कंटाळा असेल तर वागळे इस्टेटीत लेझरवर कापून मिळतं. फक्त जळलेली काळी कड पॉलिश पेपरने काढा, तिच्यावर फेविकॉल नीट धरत नाही.

या पद्धतीचा नेहमी सांगितला जाणारा तोटा म्हणजे पडद्यांमधली पोकळी. पाच सेंटिमीटरच्या अंतरावर वरून लावलेली फळी गोलाई सोडून सपाट पडते आणि पॉलिश चढल्यावर ते नेमकं उजेडात येतं. पण मध्ये बाल्साचे, म्हणजे हलक्या मऊ लाकडाचे, ठोकळे भरले, फळ्यांचे दोन थर दिले की निभतं. यावरून मी पद्धत बदलली नसती.

बदलली ती त्या मधल्या पाटीमुळे. गणपतीच्या मखरातून उरलेला चार मिलिमीटरचा प्लाय घरात होता, मे महिन्यात त्यातूनच पाटी कापली. तेव्हा ती काचेसारखी सरळ होती. जूनमध्ये पडदे चिकटवले. आमची नौपाड्यातली इमारत जुनी. जुलैत भिंती ओल धरतात आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. एका सकाळी सहज टोकाकडून डोळा लावून पाहिलं, तर पाटीला चांगला अर्ध्या सेंटिमीटरचा बाक. आतल्या अंगाला ओलं फडकं लावलं, वजन ठेवलं, इस्त्रीही फिरवली. वजनाखाली सरळ, काढलं की दोन दिवसांत पुन्हा केळं. शेवटी पडद्यांमध्ये ठोकळे ठोकून दामटून बसवलं, तर बाक तसाच आत कैद झाला. फळ्या लावताना डाव्या बाजूची फळी पुरेना आणि उजवीकडची उरायला लागली. आज त्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, मुंब्र्याकडे वळलीय आणि सुकाणू मुलुंडचंच धरून आहे.

दोष बहुधा माझ्या स्वस्त प्लायचा. तीन थरांच्या प्लायमध्ये एका अंगाने जास्त दमट हवा घेतली की तो वाकणारच. पाच थरांचा बर्च प्लाय आणला असता, दोन्ही अंगांना लाखेचं पॉलिश दिलं असतं आणि दिवाळीनंतर सुरुवात केली असती, तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

फ्रेमचं काम मात्र दिवाळीत घेतलं ते गुढीपाडव्याला संपलं, तेही फक्त सांगाड्याचं. चव्वेचाळीस फ्रेमी, एकेकीत सात-आठ तुकडे, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. लाकूड हेदूचं घेतलं, वखारीत त्याला हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचं, पटाशीला गुणी. सागाचा मोह सगळ्यांना होतो. जहाजबांधणीतल्या वाडिया घराण्याने मुंबईत १८१७ साली सागात बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे, हे वाचलं की झालाच. पण १:४८ ला सागाची छिद्रं गटारासारखी दिसतात, आणि त्याच्या तेलकटपणामुळे गोंदही कुरकुरतो.

फ्रेमीचे दोन थर असतात आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या तुकड्यावर येतो. शिवाय प्रत्येक तुकड्याचे रेषे वळणाच्या अंगाने घेता येतात. पावसाळी हवा इथेही लागते, पण ओढून वाकवायला सलग लांब पाटीच नाही. कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, ही भरीव पट्टी, तीही बांधणीच्या फळीवरच्या खाचेत ताठ उभी. दोन पावसाळे गेले. दोरा धरून, डोळा लावून पाहतो, मला तरी बाक दिसत नाही. आणि एखादी फ्रेम बिघडली तर तेवढीच कचऱ्यात जाते. लोक या पद्धतीला अवघड म्हणतात. मला ती वेळखाऊ वाटली, पण क्षमाशीलही.

त्रास आहेतच. नाळेजवळच्या फ्रेमी तिरक्या बसतात, प्रत्येकीचा कोन वेगळा. त्यात माझ्या सात फुकट गेल्या. लाकडाचा भुसा इतका उडाला की बाल्कनीतले कपडे वाळत घालायची जागा आणि माझी जागा यावर घरात एकदा रीतसर तह झाला. नकाशे छापून घेताना मशीनवर ‘फिट टू पेज’ चालू राहिलं, तर प्रत्येक फ्रेम थोडी आखूड निघते आणि ते कीलवर मांडेपर्यंत कळत नाही. कागदावर १०० मिलिमीटरची रेघ काढून घ्या आणि दुकानातच पट्टी लावा.

पहिलंच जहाज असेल, किंवा भाच्याला सुट्टीत काही उभं करून दाखवायचं असेल, तर बल्कहेड घ्या, फक्त प्लाय चांगला आणि काम उन्हाळ्याआधी. पण घर आमच्यासारखं ओलं असेल आणि घाई नसेल, तर माझ्या मते फ्रेम. आणखी एक लोभ आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लिश आरमाराच्या मॉडेलांत खालचा भाग फळ्यांविना उघडा ठेवत. मीही तसाच ठेवलाय. शेजारचे काका दर वेळी विचारतात, “अजून अर्धंच?” मी हो म्हणतो.