लेशमॅनिया: नुसतं औषध की सोबत इम्युनोथेरपी पण?

लेशमॅनिया म्हणजे काळा आजार आणि त्वचेच्या जखमा करणारा परजीवी. हा लपतो कुठे माहितीये? त्याला खाऊन टाकायचं काम ज्या मॅक्रोफेज पेशींचं, त्यांच्याच पोटात. म्हणजे चोर पोलीस चौकीतच मुक्कामाला.

नुसतं औषध घेतलं तर हिशोब सोपा, अँटिमनीची इंजेक्शनं साधारण 20 ते 30 दिवस, किंवा अँफोटेरिसिन, किंवा मिल्टेफोसिनच्या गोळ्या 28 दिवस, आणि बहुतेक पेशंट बरे होतात. पण अँटिमनी हार्टला आणि स्वादुपिंडाला त्रास देऊ शकतं, अँफोटेरिसिन किडनीला, शिवाय उरलेसुरले परजीवी दाबून ठेवायचं काम शेवटी शरीराच्या टी पेशींनाच (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) करावं लागतं, म्हणूनच एचआयव्ही असलेल्यांमध्ये हा आजार औषध घेऊनही परत परत उलटतो.

जोडीने इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारा उपचार, दिली की त्याच झोपलेल्या मॅक्रोफेजला जागं केलं जातं, उदा. इंटरफेरॉन गॅमा (पेशींना चेतवणारं शरीरातलंच प्रथिन) देऊन. ब्राझीलमध्ये अँटिमनीला दाद न देणाऱ्या काही पेशंटना हे दोन्ही एकत्र दिलं आणि बरेच जण सुधारले, 1990 मध्ये ते छापूनही आलं. पेरूत त्वचेच्या जखमांवर अँटिमनीसोबत इमिक्विमॉड हे तिथली प्रतिकारशक्ती चेतवणारं क्रीम वापरून पाहिलं. पण इंटरफेरॉन महाग, वर ताप-थंडी देतं, आणि इम्युनिटी जरा जास्तच भडकली तर जखम उलट चिघळते (नाकातोंडाच्या प्रकारात नुकसान बरंचसं आपल्याच पेशी करतात बरं का).

मला विचाराल तर पहिल्यांदाच आजार झालाय आणि प्रतिकारशक्ती धड आहे तर औषधच पुरे, जोडी ठेवा हट्टी केसेससाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. आणि हो, बाजारातले इम्युनिटी बूस्टर काढे-पावडरी म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे!