बोइंक: कॉम्प्युटर बंद केला तर झालेलं काम टिकतं का?

घरच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ वैज्ञानिक गणितांना देणारं बोइंक हे मोफत सॉफ्टवेअर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तयार झालं. परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या ज्या सेटी ॲट होममुळे ते घरोघर पोचलं, त्या प्रकल्पाने २०२० मध्ये नवीन काम पाठवणं थांबवलं. आइनस्टाइन ॲट होम, एलएचसी ॲट होम, क्लायमेटप्रेडिक्शन यांसारखे प्रकल्प मात्र याच सॉफ्टवेअरवर चालतात. एकेक काम काही तासांपासून कित्येक दिवसांपर्यंत चालू शकतं, म्हणून बोइंक वापरावं की नाही हे ठरवताना आम्ही सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहतो: मध्येच मशीन बंद झालं तर काय उरतं?

बहुतेक वेळा शेवटच्या चेकपॉइंटपर्यंतचं काम उरतं. चेकपॉइंट म्हणजे गणिताची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहिलेली फाइल. ती बोइंक लिहीत नाही, त्या-त्या प्रकल्पाचा प्रोग्राम लिहितो. त्यामुळे एकाच मशीनवर एका प्रकल्पाचं जेमतेम मिनिटभराचं काम बुडतं आणि दुसऱ्याचं अख्खं. एलएचसी ॲट होममधलं ॲटलस नावाचं काम लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्सशिवाय (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), म्हणजे नेटिव्ह चालवलं तर चेकपॉइंट करतच नाही. मध्ये थांबलं की पुन्हा शून्यापासून.

कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेसमधल्या ‘रिक्वेस्ट टास्क्स टू चेकपॉइंट ॲट मोस्ट एव्हरी’ या सेटिंगने पुष्कळांची फसगत होते. तिथे मुळात ६० सेकंद असतात. दर मिनिटाला काम सेव्ह होईल, असा त्याचा अर्थ नाही. त्याहून घाईने सेव्ह करू नका, एवढंच ते सांगतं. प्रोग्रामला सोयीची जागा वीस मिनिटांनी मिळाली, तर तो वीस मिनिटांनीच लिहील. आकडा कमी करून काही हाती लागत नाही. उलट एकाच वेळी बरीच कामं चालत असतील तर तो ३०० पर्यंत वाढवावा, डिस्कवरचं लिखाण कमी होतं.

खरी स्थिती पाहायची तर ॲडव्हान्स्ड व्ह्यूमध्ये टास्क्सवर जा, काम निवडा आणि प्रॉपर्टीज उघडा. ‘सीपीयू टाइम सिन्स चेकपॉइंट’ हा आकडा म्हणजे आत्ता बंद केल्यास वाया जाणारी मेहनत. ग्राफिक्स कार्डवरच्या कामांत मात्र सीपीयू फारसा राबत नाही, म्हणून तिथे हा आकडा छोटा दिसला तरी भुलू नये. त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून ‘चेकपॉइंट_डीबग’ चालू करा, मग प्रत्येक चेकपॉइंटची वेळ इव्हेंट लॉगमध्ये येते. टक्केवारीवर तर मुळीच विसंबू नका. प्रोग्राम प्रगती कळवत नसेल तेव्हा बोइंक ती अंदाजाने वाढवत राहतं, आणि ती फसवी माहिती इतकी ठळक दाखवणं हा या सॉफ्टवेअरचा मोठा दोष आहे. चेकपॉइंटची वेळ मुख्य यादीतच दिसायला हवी होती.

सस्पेंड केलं म्हणजे सेव्ह झालं, हाही गैरसमज. बहुतेक प्रोग्राम बाहेर पडताना नवा चेकपॉइंट लिहीत नाहीत. ‘लीव्ह नॉन-जीपीयू टास्क्स इन मेमरी’ चालू असेल तर सस्पेंड केलेलं काम रॅममध्ये राहतं आणि तिथूनच पुढे सुरू होतं. शटडाउन झालं की रॅमसोबत तेही जातं. स्लीपमध्ये रॅमचा वीजपुरवठा चालू असल्याने काम टिकतं, पण लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरली तर जातं. हायबरनेट रॅमच डिस्कवर उतरवतं, म्हणून चेकपॉइंट न करणाऱ्या कामांना तोच पर्याय बरा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप मात्र यात धरू नका: त्यात सिस्टिमचा गाभा साठवला जातो, चालू प्रोग्राम बंदच होतात.

सर्वांत नाजूक म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची कामं. थांबताना आख्ख्या आभासी मशीनची मेमरी डिस्कवर लिहावी लागते. अशी तीन-चार मशीन असतील तर कित्येक जीबी होतात आणि विंडोज शटडाउन करताना तेवढा वेळ थांबत नाही. अर्धवट लिहिलेली स्थिती पुन्हा उघडली नाही की ते काम एररमध्ये जातं. म्हणून शटडाउनआधी फाइल मेनूतून एक्झिट बोइंक घ्या, चालू कामं थांबवण्याच्या पर्यायावर खूण ठेवा आणि डिस्कची हालचाल शांत होईपर्यंत थांबा. खिडकीची फुली दाबून बोइंक बंद होत नाही. लिनक्सवर पॅकेजमधून टाकलेलं बोइंक सेवा म्हणून, म्हणजे खिडकीशिवाय पार्श्वभूमीवर चालतं, त्यामुळे सेवाच थांबवावी लागते.

परत सुरू केल्यावर टक्केवारी थोडी मागे गेलेली दिसेल. ते ठीकच आहे, काम चेकपॉइंटपासून उचललेलं असतं. दर वेळी शून्यावरच येत असेल, तर तो प्रकल्प रोज बंद होणाऱ्या मशीनसाठी नाही. त्याला ‘नो न्यू टास्क्स’ करून, म्हणजे नवीन काम घेणं थांबवून, चेकपॉइंट नीट करणारा दुसरा घ्यावा.