नऊ महिने कॉलेज रेडिओ ऐकल्यावर

सप्टेंबरात गाडीतलं ब्लूटूथ बंद पडलं, दुरुस्तीला न्यायला वेळ होईना, म्हणून रेडिओ लावला. कॅलिफोर्नियात सनीव्हेल ते रेडवुड सिटी, २८० नंबरच्या हायवेवरून, जाऊन-येऊन दीड तास. डायलच्या डाव्या टोकाला जाहिराती नव्हत्या म्हणून तिथे थांबले. ब्लूटूथ डिसेंबरातच दुरुस्त झालं. आता मे संपत आलाय आणि सकाळी हात अजून ८९.७ च्या बटणाकडेच जातो. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या या बे एरियात आपली एवढी माणसं आहेत, पण ओळखीतल्या फारच थोड्यांनी कॉलेजांची ही स्टेशनं कधी लावलीत. म्हणून सविस्तर लिहितेय.

अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ हा पट्टा १९४५ पासून बिगरव्यापारी, शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. आमच्या भागात तो चांगला गजबजलेला आहे. ८९.७ वर फूटहिल कॉलेजचं केएफजेसी (२८० वर एल माँटेची एक्झिट लागते, तिथल्याच टेकडीवर), ९०.१ वर स्टॅनफर्डचं केझेडएसयू, ९०.५ वर सॅन होझे स्टेटचं केएसजेएस, ९०.७ वर बर्कलीचं केएएलएक्स. यातलं केएफजेसी १९५९ पासून चालू आहे. केएएलएक्सची सुरुवात १९६२ साली हॉस्टेलमध्ये झाली, पहिला मिक्सर सिगारच्या खोक्यात बसवलेला होता. डीजे बिनपगारी. काही विद्यार्थी, काही दिवसभर दुसरीकडे नोकरी करून रात्री दोनला स्टुडिओत येणारे. वाजवतात ते मुख्यतः अशा लोकांचं, ज्यांच्यामागे कुठलीही मोठी कंपनी नाही.

कान बसायला मला दीड महिना लागला, हे आधीच सांगते. पहिल्याच आठवड्यात सकाळी पावणेआठला सलग अकरा मिनिटं नुसती घरघर चालली होती. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "आई, रेडिओ बिघडलाय." मलाही तसंच वाटलं. मग घरघर विरली आणि एक शांत आवाज आला. हे कोणी वाजवलं, ते कुठल्या गावचे, किती कॅसेट काढल्या (शंभर), त्या कुठे मिळतील. एवढं सांगून त्यानं पुढचं गाणं लावलं, गिटार घेऊन गाणाऱ्या एका बाईचं, अगदी हळुवार. त्या घरघरीनंतर तो आवाज इतका स्वच्छ ऐकू आला की मी शाळेच्या फाटकापाशी गाडी थांबवून ते गाणं पुरं ऐकलं. दोन गाणी शेजारी ठेवण्यात एवढं काही असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ॲपही गाणी सुचवतं, मीही वर्षानुवर्षं त्यावरच ऐकत होते. पण ॲप मला आवडलेल्यासारखंच आणखी देतं. इथे कुणीतरी माझ्या आधी बसून ऐकलेलं असतं, आणि ते मला आवडेल की नाही याचा विचार न करता, ऐकण्यासारखं आहे म्हणून लावलेलं असतं. मी आकाशवाणी सांगलीवर वाढले. "आपली आवड"मध्ये निवेदक गावांची नावं वाचायचे, त्यात आपल्या गावचं नाव आलं की घरात सगळे गप्प व्हायचे. आपल्यासाठी कुणी माणूस बोलतोय, ही भावना इतक्या वर्षांनी परत आली.

फेब्रुवारीत एका स्टेशनला आत जाऊन बघता आलं. नव्या आलेल्या रेकॉर्डींचं एक कपाट होतं. बँड स्वतःच पोस्टानं पाठवतात, स्वयंसेवक घरी नेऊन ऐकतात आणि कव्हरवर पांढरा कागद चिकटवून अभिप्राय लिहितात. मी एक काढून पाहिली. निळ्या पेनानं बारीक अक्षरात बँडची माहिती, मग एकेका गाण्यापुढे दोन-दोन ओळी: सुरुवात संथ आहे, चौथ्या मिनिटाला ढोल येतो, शेवट एकदम तुटतो, पुढचं तयार ठेवा. दोन गाण्यांपुढे लाल फुली, म्हणजे शिवी आहे. इथल्या नियमानं तसली गाणी रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत लावता येतात. खाली काळ्या पेनानं दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, "पाचवं विसरलास, सगळ्यात चांगलं तेच आहे." आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात, "खरंय." कुणाच्याही कमाईचा प्रश्न नसताना अनोळखी बँडच्या पाचव्या गाण्यावरून तिघांनी घातलेला हा वाद मी दोनदा वाचला. केझेडएसयूचे असे अभिप्राय नेटवरही वाचता येतात, जरूर वाचा.

नव्या कपाटातली काही गाणी प्रत्येक पाळीत लावायचीच, असा दंडक बहुतेक कॉलेज स्टेशनांवर असतो. बाकीचं डीजेच्या मर्जीवर. त्या मर्जीतूनच माझ्यासाठी या नऊ महिन्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट घडली. मार्चमधली रात्र, कामावरून उशिरा निघालेले. ओकलंडच्या दोन मुलांची एक लांबलचक रचना चालू होती, गिटारवर एकच सूर धरून. तो सूर खाली जातोय तोवर त्यातून जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर वर आली आणि ठुमरी सुरू झाली. अब्दुल करीम खाँ. मी मिरजेची. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, उरुसातल्या संगीत सभेला मी वडिलांच्या मांडीवर बसून झोपलेय. पुढच्या एक्झिटला उतरले, पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि स्टुडिओत फोन केला. डीजेनं स्वतःच उचलला. मी म्हटलं, हे गाणारे माझ्या गावचे. तो क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "खरंच? मी ही दोन्ही एकत्र लावली, कारण दोन्हीकडे माणूस सुराला सोडत नाही." तानपुऱ्याबद्दल त्यानं विचारलं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीबद्दल मी सांगितलं, तेवढ्यात रेकॉर्ड संपत आली म्हणून त्याला पळावं लागलं. मग माइकवर त्यानं गावाचं नाव घेतलं. उच्चार चुकला होता. मला रडू आलं.

यातून बँडना काय मिळतं, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं तर पैसे गीतकार-संगीतकाराला जातात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीच मिळत नाही. इंटरनेटवरच्या प्रसारणाचं मानधन वेगळं असतं, पण छोट्या बँडच्या हाती त्यातून काय येणार! म्हणून ऐकणाऱ्यानं पुढचं पाऊल टाकलं तरच उपयोग. मी नऊ महिन्यांत बँडकॅम्प या वेबसाइटवरून अकरा अल्बम विकत घेतले. तिथे डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि व्यवहाराचं शुल्क कापून बाकीचे थेट कलाकाराला जातात. आर.ई.एम.सारखे बँड ऐंशीच्या दशकात कॉलेज रेडिओवरूनच वर आले. सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी काढणारा ब्रूस पॅव्हिट आधी सिएटलच्या केसीएमयू या कॉलेज स्टेशनवर डीजे होता. हे दाखले सगळे देतात आणि ते खरेही आहेत. पण कधीच मोठं न होणाऱ्यांची शंभर कॅसेटींतली एक या कपाटात दहा-वीस वर्षं जपून राहते, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

आता तक्रारी. स्टेशनाचं नाव घेत नाही, थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच. दर तीन-चार महिन्यांनी वेळापत्रक बदलतं आणि मनात बसलेला डीजे एकदम पहाटे चारला जातो किंवा दिसेनासाच होतो. नवे विद्यार्थी आले की पहिले काही आठवडे माइक चालू राहणं, मिनिटभर शांतता, गाण्याचं नाव न सांगणं हे चालतंच. नाव न सांगणं मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण नाव कळलं नाही तर त्या बँडला शोधणार कसं? वेबसाइटवर गाण्यांची यादी असते, पण गाडी चालवताना ती काय कामाची? जुने कार्यक्रमही दोनच आठवडे ऐकायला मिळतात. त्यात स्टेशनांचा दोष नाही, इंटरनेट प्रसारणाच्या परवान्याची अटच तशी आहे. आणि भारतीय संगीत फारच थोडं. लागलं तर जुनं शास्त्रीय किंवा हिंदी सिनेमातलं. आज पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात स्वतःच्या पैशानं गाणी काढणारी जी मुलं आहेत, त्यांच्यातलं मी इथे एकही ऐकलेलं नाही.

ऑक्टोबरातल्या देणग्यांच्या मोहिमेत मी पैसे दिले, पुढेही देणार. २०११ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठानं आपल्या केयूएसएफ स्टेशनची ९०.३ ही जागा साडेसदतीस लाख डॉलरना विकायला काढली आणि एका सकाळी अचानक प्रक्षेपण मध्येच बंद झालं. डीजेंना निरोपही घेता आला नाही. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या केटीआरयूची जागाही गेली. आहे तोवर गृहीत धरावं, अशी ही गोष्ट नव्हे.

सुरुवात करायची असेल तर सकाळी नका करू, रात्री नऊनंतर करा, आणि एकच डीजे धरून महिनाभर ऐका. केएफजेसीवर मे महिनाभर विशेष कार्यक्रम असतात, ते तर चुकवूच नका. १९८३ साली याच स्टेशननं "लुई लुई" या एकाच गाण्याची ८०० हून अधिक रूपं ६३ तास सलग वाजवली होती.

मार्चमधल्या त्या डीजेनं फोन ठेवता ठेवता विचारलं होतं, "तुमच्या गावाकडे आता कोण वाजवतं?" भावाला कळवलं. त्याच्या ओळखीत सतारी बनवणाऱ्या घरातला एक मुलगा आहे, रात्री कारखान्यातच ध्वनिमुद्रण करतो, मागे रंध्याचा आवाजही येतो. भावानं त्याची सीडी पाठवली, परवा पोचली. मी ती चारदा ऐकली आणि पांढऱ्या कागदावर लिहिलं: तिसरं आधी लावा, सात मिनिटं दहा सेकंद, शिवी नाही, शेवटी कुत्रं भुंकतं ते कापू नका. उद्या पोस्टात टाकतेय.