जुन्याच मेलवर रिप्लाय की नवा मेल?

सहा-आठ महिने थंड पडलेला विषय पुन्हा काढायचा असेल, तर मुद्दा तोच आणि माणसंही तीच आहेत का, हे आधी बघा. तसं असेल तर जुन्या मेलवरच रिप्लाय करा. कोण काय म्हणालं, काय ठरलं, सगळं खाली हजर असतं.

पण ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी पत्त्यांची यादी एकेक करून वाचाच. मधल्या काळात कुणी नोकरी सोडलेली असते, कुणाची बदली झालेली असते. नव्या माणसाला जोडलंत, तर खालचा सगळा जुना मजकूर त्याच्या नजरेस पडतो. त्यात दरांची घासाघीस असली की पंचाईत. शिवाय रिप्लायमध्ये सहसा जुन्या अटॅचमेंट जात नाहीत, फाइल पुन्हा जोडावी लागते. पहिल्याच ओळीत कारण लिहा: ‘मार्चमध्ये ठरलेल्या आराखड्यातला तिसरा मुद्दा बाकी आहे, त्याबद्दल विचारतो आहे.’ नुसतं ‘काही अपडेट?’ लिहिलं, तर समोरच्याला अख्खी साखळी उपसावी लागते आणि उत्तर लांबतं.

काम किंवा माणसं बदलली असतील, तर नवा मेल. जुन्यातल्या लागतील तेवढ्याच दोन-तीन ओळी तारखेसह उचला. पत्ते आयते मिळतात म्हणून जुन्या मेलवर भलतंच काम लिहिणं वाईटच. पुढे ते विषयावरून शोधून सापडत नाही. जीमेलमध्ये विषयाची ओळ बदलली की साखळी तुटते, १०० मेलनंतरही तुटते. नवा मेल गेल्यावर जुन्या साखळीवर तसं एका ओळीत कळवा.