उवांची स्टीलची फणी, फिलर गेज लावून पाहिलेली

मी नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. त्यामुळे फणी हातात आली की आधी तिचे दाते बघितले. बर्डीवर आतल्या गल्लीत एका कटलरीच्या दुकानातून १८० रुपयांना घेतली. दाते लांब, गोल, त्यांवर आटे पाडल्यासारख्या बारीक खाचा. घरी येऊन फिलर गेज काढलं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येकीवर जाडी मिलिमीटरमध्ये. ०.२५ची पाती दोन दात्यांमधून गेली, ०.३०ची अडली. मुळाशी तेच, टोकाशीही तेच. लीख साधारण ०.३ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे इथे तिला वाट नाही. आधीची प्लास्टिकची, लोशनच्या डब्यात फुकट आलेली, तिच्या टोकाशी ०.४५ची पाती ढिली खेळत होती. केसांत घातली की दाते आणखीच फाकायचे.

"बाबा, काय मोजून राहिले तुम्ही?"

"तुझ्या उवांसाठी फाटक बसवून राहिलो," म्हटलं.

पोट्टी चौथीत, केस कमरेपर्यंत, दोन वेण्या. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते. जुलै अर्धा सरला नाही तोच डोकं खाजवणं सुरू झालं. बायको नर्स, तो महिना तिची नाईट ड्यूटी, म्हणून डोकं माझ्या वाट्याला आलं. मेडिकलमधून १ टक्का परमेथ्रिनचं लोशन आणलं, १० मिनिटं ठेवलं, धुतलं. मेलेल्या उवा पाण्याबरोबर आल्या आणि मी खूश. बाराव्या दिवशी पुन्हा तेच खाजवणं. मी लगेच बाकावरच्या शेजारणीला नावं ठेवली. बायकोनं एवढंच विचारलं, "नवव्या दिवशी परत लावलं होतं का?"

नव्हतं लावलं. हे लोशन उवा मारतं, पण लिखा सगळ्या मरत नाहीत. त्या ७ ते १० दिवसांत फुटतात. बाहेर आलेल्या पिल्लांनी मोठं होऊन अंडी घालायच्या आत दुसरा हात मारावा लागतो. म्हणजे आमच्या घरात उवा परत आल्याच नव्हत्या, त्या गेल्याच नव्हत्या.

या वेळी दोनदा लोशन आणि मधल्या दिवसांत फणी. लोशनच्या आधी कंडिशनर लावू नका, औषध नीट धरत नाही. फणीच्या दिवशी मात्र भरपूर लावा. ओल्या केसांत कंडिशनर असलं की ऊ पळत नाही, जागीच थांबते. आधी साध्या कंगव्यानं गुंता काढायचा, मग चार भाग, तीन क्लिपमध्ये अडकवायचे, एक सोडायचा. फणी टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत. दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. माझ्या जुन्या बनियनचं फडकं होतं. त्यावर पहिल्या दिवशी ७ आल्या. एक तिळाएवढी, पोटात काळपट ठिपका, कंडिशनरच्या थेंबात पाय मारत होती. पोट्टीला दाखवली तर घाबरायचं सोडून मोबाइलनं फोटो काढत बसली. तीन दिवसांनी ३ निघाल्या, सगळी बारकी पिल्लं. पुढे दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे. शेवटच्या तीन वेळा फडकं कोरं.

लिखा कुठे शोधायच्या हेही तिच्या आईनं शिकवलं. कानामागे आणि मानेवर, केसाच्या मुळापासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत. बोटभर खाली दिसणारी पांढरी टरफलं बहुतेक रिकामी. ती बघून मी उगाच अर्धा रविवार हैराण झालो होतो.

माझ्या आईनं तोवर घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर नेल्या होत्या. गरज नव्हती. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. आदल्या दोन दिवसांतले उशांचे अभ्रे, टॉवेल, रिबिनी कडक गरम पाण्यात टाकल्या, झालं. शेजारच्या काकूंनी रॉकेल सुचवलं, आणि सीताफळाच्या बियांची पूड. रॉकेल पेट घेतं आणि ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, त्यामुळे दोन्हीला घरातूनच नकार. आईचं डोकंही फणीखाली घेतलं. कुरकुरली, पण तिच्याकडेही दोन सापडल्या. पोट्टी तिच्याच कुशीत झोपते.

खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. काटोलहून साळीच्या दोन्ही पोरी आल्या, तिघी एका मोबाइलवर डोक्याला डोकं लावून दुपारभर. ऊ उडी मारत नाही, उडत नाही, चालतच जाते, आणि तिला असा पूल मिळाला तर काय! मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवणुकीत काढतात तो मोठा पुतळा, बघायला महाल भागात गेलो, तिथे पोट्टी गर्दीत ओरडली, "उवा-लिखा घेऊन जाय गे मारबत!" मारबतीनं नेल्या नसाव्यात, कारण चौथ्या दिवशी फणीला एक लागली. एकच. पुन्हा दोन आठवडे फणी, या वेळी लोशन नाही, आणि दुसरी सापडली नाही. आता दर रविवारी न्हाणं झालं की फणी फिरते. वेण्या आता घट्ट आणि वर बांधलेल्या.

तक्रारी आहेत. मुठीवरचं रबर तिसऱ्या आठवड्यात सुटलं, मी फेविक्विकनं बसवलं. टोकं गोल म्हणतात, तरी दाबून फिरवली तर टाळूला ओरखडा येतो. दोनदा शिव्या खाल्ल्या. जाड केसांत छोटी बट घ्यावीच लागते, त्यामुळे पूर्ण डोक्याला ४५ मिनिटं. कोणी "पाच मिनिटांत साफ" सांगत असेल तर त्याच्या पोरीला टक्कल असेल. वापरल्यावर दहा मिनिटं कडक पाण्यात ठेवतो, अजून गंज नाही. पाचपैकी चार.

साळीसाठी दुसरी घ्यायला गेलो तर दुकानदारानं २०० सांगितले. दाते बघायला खिशातून गेज काढलं, त्याला वाटलं मी कुठल्या खात्याचा माणूस. १८०लाच दिली.