कानात बोळे, तरी हेल्मेटमधला आवाज हवा: फोम, फिल्टर की साच्याचे?

पहिल्यांदा फोमचे बोळे कानात घालून हेल्मेट चढवलं तेव्हा मी पार्किंगमध्येच उभा होतो. बाईकच्या हेल्मेटमध्ये बसवलेल्या इंटरकॉमवर, म्हणजे फोनला जोडलेल्या माइक-स्पीकरवर, गाणं लावलं. शेजारच्या बंद खोलीत कुणीतरी गात असावं, तसं ऐकू आलं. आवाज शेवटच्या खुणेपर्यंत नेला, तरी तेच. बोळे काढले, खिशात टाकले आणि निघालो. पुढचे तीन तास ते खिशातच होते. रात्री उशीला डोकं टेकवलं तर डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती, ती सकाळीच थांबली.

चूक बोळ्यांची नव्हती, मी घेतलेल्या परीक्षेची होती. गाडी उभी असताना वारा नसतो, म्हणून फक्त स्पीकर दबलेला जाणवतो. धावत्या गाडीवर वाराही तेवढाच दबतो. ‘बोळे घातले की स्पीकर ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी आपला निकाल पार्किंगमध्येच लावलेला असतो.

थोडा हिशेब मांडतो. हेल्मेटच्या आत, कानापाशी, ताशी ६० किलोमीटरला साधारण ९० डेसिबल घोंघाट असतो आणि वेग वाढेल तसा तो शंभरच्या पुढे जातो. हेल्मेट महागाचं असलं तरी चित्र फारसं बदलत नाही, कारण हा वारा मानेच्या बाजूने खालून आत येतो आणि कवचावर आपटूनही घुमतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटं. आता उघड्या कानाने ९८ डेसिबल वाऱ्यात सूचना ऐकायची तर स्पीकर वाऱ्याच्याही वर न्यावा लागतो. समजा, तो १०३ वर गेला. कानावर पडतात ते १०३, वारा वेगळाच. आता २० डेसिबल कापणारा बोळा घाला: वारा ७८, स्पीकर ८३. दोघांतलं अंतर तेच पाचाचं, पण कान सुरक्षित पट्ट्यात आला. वर एक नफाही आहे. मोठ्या आवाजात खालच्या पट्टीतली घरघर वरच्या पट्टीतल्या नाजूक आवाजांवर पसरून त्यांना झाकते. सगळंच खाली आणलं की हे झाकणं कमी होतं. त्यामुळे बोळा घातल्यावर बोलणं *जास्त* स्पष्ट वाटणं हा भास नसतो.

मग सगळेच बोळे सारखे का नाहीत? कारण सगळ्या पट्ट्या ते सारख्या कापत नाहीत. या आढाव्यात मुख्य फरक तेवढाच आहे, बाकी सोय-गैरसोय.

फोम आणि फिल्टर

फोमचा बोळा पिळून बारीक करायचा, कानात सरकवायचा आणि फुगू द्यायचा. छापील आकड्यात तो सगळ्यांच्या पुढे असतो: अमेरिकी एनआरआर पद्धतीने (आवाज किती डेसिबलने कापला जातो, त्याचा आकडा) २९ ते ३३. पण तो वरच्या पट्ट्या खालच्यांपेक्षा जास्त कापतो. वाऱ्याची घरघर प्रामुख्याने खालच्या पट्टीत असते आणि बोलण्यातली ओळख पटवणारी व्यंजनं वरच्या पट्टीत. परिणाम असा की नॅव्हिगेशनची बाई बोलतेय हे कळतं, पण ‘सरळ’ म्हणाली की ‘वळा’, यावर जरा थांबून विचार करावा लागतो. गाण्यात झांजा गायब होतात आणि उरतो तो ढोल.

फिल्टरच्या प्लगमध्ये मऊ सिलिकॉनच्या छत्र्यांच्या मधोमध एक बारीक नळी असते आणि तिच्यात अडथळा बसवलेला असतो. ही कल्पना वादकांकडून आली. एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९८८ मध्ये वादकांसाठी असे प्लग काढले, ज्यांत सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या खाली येतात. उघड्या कानाची नळी अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज नैसर्गिकपणे फुगवते. कान बंद केला की ही फुगवट जाते आणि सगळं मठ्ठ वाटतं. चांगल्या फिल्टरची रचना ही फुगवट भरून काढते. म्हणून फिल्टरच्या प्लगमधून बोलणं ऐकताना कोणी आवाजाची चकती खाली फिरवल्यासारखं वाटतं, कानावर गोधडी टाकल्यासारखं नाही. किंमत म्हणून एकूण कपात कमी मिळते. तासभर शंभरच्या वेगाने गेलात तर फोमवाल्यापेक्षा तुमच्या कानावर जास्त वारा पडणार.

इथे मी फोमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण त्याच्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर अर्ध्या बसवलेल्या फोमबद्दल असतात. फोम नळीत पुरेसा आत गेला नाही की सगळ्यात आधी खालच्या पट्टीतली कपात जाते. म्हणजे घरघर आत येते आणि व्यंजनं मात्र अडवली जातात. स्पीकर ऐकण्यासाठी याहून वाईट मिश्रण नाही. बसवायची रीत अशी: बोटांनी गोल वळत वळत, सुरकुती न पडता, काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, नळी सरळ होते. बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, २०-३० सेकंद, बोटाने धरून ठेवा. नंतर दोन्ही तळहात कानांवर दाबा. दाबल्यावर बाहेरचा आवाज फारसा कमी झाला नाही, तर बोळा नीट बसलाय. खूप कमी झाला, तर काढा आणि पुन्हा करा. हे दर वेळी हातमोजे घालायच्या आधी करायचं आहे, हीही फोमची गैरसोयच.

आकड्यांवरून निवडणार असाल तर दोन सावधगिरी. एनआरआर आणि युरोपातला एसएनआर हे वेगळ्या पद्धतींनी काढलेले असतात. एका पाकिटावरचा ३० आणि दुसऱ्यावरचा २० यांची थेट वजाबाकी करू नका. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेत, शिकवून बसवलेल्या बोळ्यांचे असतात. नायॉशने तर १९९८ मध्ये फोमच्या आकड्यातून निम्मा, इतर प्लगच्या आकड्यातून ७० टक्के वजा करा म्हटलं होतं. कारखान्यातल्या हजार कामगारांसाठी हा नियम योग्य आहे, आरशासमोर उभं राहून नीट बसवणाऱ्या एकट्या माणसाला तो जरा कडक होतो. पण दिशा बरोबर आहे.

मी पाकिटावरचा मोठा आकडा सोडून मागचा छोटा तक्ता वाचतो. युरोपीय मानकाचा शिक्का असलेल्या प्लगवर प्रत्येक पट्टीची कपात छापलेली असते, १२५ हर्ट्झपासून ८००० पर्यंत. त्यातले २५० आणि ४००० हे दोन रकाने शेजारी ठेवा. ४००० चा आकडा २५० पेक्षा दहा-बाराने जास्त असेल तर बोलणं मठ्ठ येणार. फरक चार-पाचाचा असेल तर स्पीकरसाठी तो प्लग योग्य. ‘बाईकस्वारांसाठी खास’ असं लिहिलेल्या एखाद्या पाकिटात हा तक्ताच नसतो, आणि तिथे मी हात लावत नाही.

‘जितकी जास्त कपात तितकं चांगलं’ हाही समज सोडा. कानावर उरणारा आवाज ७५ ते ८० डेसिबल असावा, असं युरोपीय ईएन ४५८ मानक सांगतं, आणि ७० च्या खाली गेलात तर ती अतिसुरक्षा. शहरात पन्नासने चालणाऱ्याला ३३ चा फोम नेमकं हेच करतो. मागून येणारा हॉर्न येतो, पण कुठून, हे कळायला वेळ लागतो. महामार्गावर तो फोम बरोबर, शहरात नाही. एकच बोळा दोन्हीकडे चालवायचा हट्ट असेल तर फिल्टर घ्या.

साच्याचे

कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग हे तिसरं दार. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आधी नळीत खोलवर छोटा अडथळा ठेवतो, जेणेकरून साच्याचा मसाला कानाच्या पडद्यापर्यंत जाणार नाही, मग पातळ सिलिकॉन भरतो आणि ते घट्ट झालं की काढतो. साचा घेताना जबडा किंचित उघडा ठेवायला सांगणारा माणूस आपलं काम ओळखतो, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि हेल्मेटमध्ये आपण बोलतोच. यातही फिल्टर बसवता येतो, आणि तो बसवाच. भरीव साच्याचा प्लग म्हणजे सोयीस्कर, पण फोमसारखाच मठ्ठ.

फायदा कळतो तो सलग पाच तास चालवल्यावर. छत्रीवाल्या प्लगची दांडी पाळीत टोचते, फोमचा दाब नळीच्या भिंतीला जाणवत राहतो. साच्याचा प्लग विसरायला होतो. वर्षाला चार सहली करणाऱ्याने हा खर्च करू नये. रोज चालवणाऱ्याने करावा, हे माझं मत.

घरी कालवून कानात भरायच्या दोन रंगांच्या मातीच्या किटही मिळतात. एका जोडीने मला सहा महिने छान साथ दिली, दुसरी पहिल्याच दिवशी गळत होती. पोहताना कानावर थापायचं मेण यात मोजू नका, ते पाणी अडवायला असतं.

आवाज रद्द करणारे वायरलेस इअरबड कानातच घालावेत का, हा प्रश्न हमखास येतो. त्यांचा बाहेरचा माइक वाऱ्याच्या झोतात आला की तो स्वतःच फडफडतो. हेल्मेटच्या आडोशात कधी जमतं, कधी नाही. बाहेर आलेला फुगवटा गालाच्या गादीखाली चेपून दुखतो, आणि ही उपकरणं बहुतेक वेळा श्रवणसंरक्षण म्हणून प्रमाणित नसतात. कायद्याचाही भाग आहे. फ्रान्समध्ये जुलै २०१५ पासून वाहन चालवताना कानात आवाज देणारं उपकरण घालायला बंदी आहे, हेल्मेटमध्ये बसवलेले स्पीकर त्यातून सुटतात. जिथे चालवता तिथला नियम पाहून घ्या.

आधी स्पीकर सरकवा

प्लग विकत घ्यायच्या आधी एक काम फुकटात होतं. हेल्मेट घाला, गाणं लावा आणि हनुवटीपाशी धरून हेल्मेट किंचित पुढे-मागे, वर-खाली ढकला. एखाद्या जागी आवाज एकदम उजळला तर तुमचा स्पीकर चुकीच्या ठिकाणी आहे. हे मी दोन वर्षांनी केलं. माझा स्पीकर कानाच्या छिद्रापासून दोन बोटं मागे, थेट पाळीमागच्या हाडावर होता. इंटरकॉमच्या पाकिटातली जाड गादी मागे चिकटवून तो पुढे आणि कानाच्या जवळ आणला, आणि तेव्हापर्यंत ‘कमजोर’ वाटणारा इंटरकॉम निम्म्या आवाजावर पुरायला लागला. स्पीकर कानाला टेकू नये, पण एका बोटाच्या जाडीहून लांबही नको.

दुसरं फुकट काम इंटरकॉमच्या ॲपमधल्या इक्वलायझरचं. फोम घालत असाल तर बास खाली आणि ट्रेबल वर करा. फोमने जे जास्त कापलंय ते थोडं परत मिळतं. हे केल्यावर फोम आणि फिल्टरमधलं अंतर माझ्या कानाला अर्धं झालं. ज्यांच्या इंटरकॉमचा आवाज महामार्गावर आधीच शेवटच्या खुणेला लागतो, त्यांच्याकडे ही वाढवायची जागाच नसते. त्यांनी सरळ फिल्टरकडे जावं.

आणखी एक गट फिल्टरकडेच जावा: ज्यांचे कान वरच्या पट्टीत आधीच उतरलेत. पन्नाशी ओलांडलेले, मशिनरीत आयुष्य काढलेले, किंवा घरात ‘टीव्ही मोठा का?’ अशी बोलणी खाणारे. त्यांना वरच्या पट्टीत मुळात कमी उरलेलं असतं. फोम तेवढंही पुसून टाकतो आणि मग कितीही इक्वलायझर चढवला तरी ‘स’ परत येत नाही. उलट ज्याला सूचनांपुरताच स्पीकर हवा, गाणी नकोत, आणि दिवसभर महामार्ग आहे, त्याने बिनधास्त फोम घ्यावा. ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ कळायला झांजा लागत नाहीत.

हेल्मेट चढवताना काय होतं तेही विकत घेण्याआधी पाहा. गालाच्या गाद्या कानावरून घसरतात, पाळी दुमडते आणि बाहेर आलेली दांडी त्या ओढीबरोबर प्लग अर्धा बाहेर काढते. फोम पूर्ण आत बसतो म्हणून यात तो जिंकतो. छत्रीवाला घेणार असाल तर आखूड दांडीचा घ्या, आणि हेल्मेटचे पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ताणून मगच डोकं आत घाला. एका कानात वारा अचानक जास्त वाटला तर स्पीकरला दोष देऊ नका, थांबा आणि प्लग तपासा.

शेवटचा निकाल रस्त्यावरच लावा. एकच ओळखीचा पट्टा, एकच वेग, आणि तुम्हीच रेकॉर्ड करून ठेवलेलं एक वाक्य, ज्यात स, श, च, ट भरपूर आहेत. एक दिवस फोम, एक दिवस फिल्टर. माझं वाक्य होतं ‘सातव्या चौकात शाळेशेजारी थांब’. फोममध्ये, इक्वलायझरशिवाय, ते मला ‘आठव्या’ असं ऐकू आलं.