मे महिन्यातली मैदानी बॅच, लगोरीसकट

शिवाजी पार्कवर सकाळी सहाची बॅच लावली तेव्हा नवरा म्हणाला, "मे महिन्यात? वेड लागलंय का?" महिना झाला, अजून जातेय. जिममध्ये मी अकरा दिवसांवर कधी टिकले नव्हते.

इथे रोज तेच ते नसतं. सोमवारी कट्ट्याभोवती फेरी, सव्वा किलोमीटरला जरा कमी: दोन झाडं धावायचं, एक झाड चालायचं. बुधवारी लंगडी. आमच्यातल्या एक साठीच्या काकू ओढणी खोचून उतरल्या आणि मला तीनदा बाद करून गेल्या! शुक्रवारी लगोरी. सात चकत्या रचताना किती उठाबशा झाल्या ते शनिवारी जिना उतरताना कळतं.

उन्हाचं भान सर नीट ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, आणि तो सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी सावली, दोन घोट पाणी, आणि सातला सगळं बंद. मी बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत नेते. अर्धं इतरच पितात.

तक्रार एकच. बॅच रद्द झाल्याचा मेसेज पावणेसहाला येतो, तेव्हा मी बसमध्ये असते. दोनदा झालंय. १८०० रुपये घेता, तर आदल्या रात्री कळवा की!

आणि हो, पांढरे मोजे घालून जाऊ नका. ती लाल माती निघत नाही.